सहा कळ्यांचा स्कर्ट, आधी रद्दी पेपरवर

रेडीमेड स्कर्ट कंबरेत बसला तर सीटवर (नितंबांवर) ताणतो, सीटला बसला की कंबरेत चार बोटं जातात. म्हणून मी सहा कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा सहा उभ्या तुकड्यांचा) घरीच बेतते, यात डार्टची (फिटिंगसाठी शिवायच्या चिमटीची) भानगडच नाही, कंबर आणि सीटमधला फरक शिवणींमध्येच वाटला जातो.

कंबरेला नाडी बांधा, दोनचारदा वाका, बसा, उठा, नाडी सरकून जिथे थांबेल ती तुमची कंबर. ती न सोडता तिच्यापासून सीटच्या सगळ्यात भरलेल्या जागेपर्यंत किती खाली ते मोजा. हे माप हमखास राहतं आणि फिटिंगचा सगळा घोळ तिथेच होतो, कुणाचं 7 इंच भरतं कुणाचं 9.

समजा कंबर 30, सीट 40, उंची 36, सीट 8 इंच खाली. सीटमध्ये 2 इंच लूज धरा, म्हणजे 42. आता सहाने भागा, कंबरेला 5, सीटला 7, आणि घेर 72 हवा असेल तर तळाला 12. पेपर चिकटवून उभी घडी घाला आणि घडीपासून निम्मी मापं टाका, वर अडीच, 8 इंचांवर साडेतीन, तळाला 6. दीड इंच बेल्टचा जाणार, म्हणून कळीची उंची साडेचौतीसच. कंबर ते सीट रेघ हाताने किंचित गोल, खाली पट्टीने सरळ. तिरक्या कडेवरही साडेचौतीसच मोजा आणि तळ हलका गोल करा, नाहीतर शिवणींपाशी टोकं लोंबतात.

आता मार्जिन (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड), दोन्ही कडांना अर्धा अर्धा इंच, तळाला दीड, वर अर्धा. मी पहिल्यांदा हे विसरले आणि सहा शिवणींत मिळून 6 इंच गेले, तो स्कर्ट भाचीला झाला :)

चांगल्या कापडाला लगेच कात्री लावू नका, जुन्या चादरीच्या सहा कळ्या कच्च्या टाक्यांनी जोडून घालून बघा. पोट पुढे असेल तर पुढून तळ वर उचलतो, मग पुढच्या कळ्यांना वरच्या बाजूला अर्धा-पाऊण इंच उंची वाढवायची, खालून ओढत बसायचं नाही.

कापड 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वादोन मीटर पुरतं, कॉटन असेल तर आधी भिजवून वाळवा. कळीची मधली घडी कापडाच्या उभ्या धाग्यावरच ठेवा. कळ्या उलटसुलट लावल्या तर कापड वाचतं, पण एका दिशेच्या प्रिंटला तसं करू नका, निम्मे मोर डोक्यावर उभे राहतात. चेन डाव्या शिवणीत, आणि ती सीटच्या मापापर्यंत खाली गेलीच पाहिजे, नाहीतर इतकं मापात बसवलेला स्कर्ट अंगात चढणारच नाही.