आरओचे फिल्टर बदलायला बसण्याआधी: कार्बनची तारीख बघितली का?

मागच्या खेपेला मी स्पन फिल्टर (गाळ अडवणारा) अगदी वेळेवर बदलला आणि कार्बन फिल्टर (क्लोरीन काढणारा) तसाच ठेवला. का, तर तो चांगला दिसत होता. वर्षाच्या आत मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारी मुख्य चाळणी, गेलं. म्हणून ही यादी.

नळ बंद, प्लग काढलेला, खाली बादली, हाताशी फडकं आणि हाउसिंगचा (फिल्टरच्या बाहेरच्या डब्याचा) पाना. एवढं कळतंच.

पण हे बंद करण्याआधी, मशीन चालू असतानाच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजा. दोन ठिकाणी: नळाचं पाणी आणि मेम्ब्रेनमधून निघणारं पाणी. मशीन रात्रभर बंद असेल तर पहिलं पाणी मोजू नका. उभ्या मेम्ब्रेनमधून क्षार पलीकडे झिरपतात आणि आकडा उगाच फुगतो. दहा मिनिटं चालू द्या. टीडीएस कंट्रोलर बसवलेला असेल तर तोटीचं पाणी मोजण्यात अर्थ नाही, त्यात कच्चं पाणी मिसळलेलं असतं. मेम्ब्रेनच्या नळीतलंच घ्या. आत ४०० आणि बाहेर ३० आलं तर ९२.५ टक्के क्षार अडले, मेम्ब्रेन ठणठणीत. हाच हिशोब ८० टक्क्यांच्या खाली उतरला की नवं आणा. २-३ वर्षं सहसा निघतात, पण निर्णय मीटरवर सोडा.

कार्बनच्या बाबतीत मात्र मीटर कुचकामी. तो विरघळलेले क्षार मोजतो, क्लोरीन त्याला दिसतच नाही. स्पन निदान तपकिरी होऊन ओरडतो. कार्बन मुकाट्याने संपतो, क्लोरीन पुढे सरकतं आणि मेम्ब्रेनचा पातळ पापुद्रा खायला लागतं. माझ्याकडे तर टाकी पूर्वीपेक्षा लवकर भरायला लागली आणि मी खूश! म्हटलं, नवा स्पन घातल्याचा गुण. चाळणी फाटली की पाणी भरभरच येणार, हे डोक्यातच आलं नाही. टाकी हळू भरते म्हणजे कुठेतरी चोंदलंय, स्पनमध्ये किंवा मेम्ब्रेनवर क्षार बसून. कारण नसताना भराभर भरायला लागली तर टीडीएस मोजा आणि कार्बनची तारीख बघा. तारीख लिहिलेलीच नाही? मग ती उलटली असं धरा आणि बदला. ६ महिने, फार तर वर्ष. मेम्ब्रेनच्या मानाने कार्बन स्वस्त असतो, त्यात काटकसर करू नका. (बोअरच्या पाण्यात क्लोरीन घालत नसाल तर मेम्ब्रेनला हा धोका नाही, तिथे खरा शत्रू क्षारांचा थर.)

स्पनचं म्हणाल तर ६ महिने, पाणी गढूळ असेल तर त्याआधीच. उघडून बघा, कळेल.

ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) हाउसिंगच्या खाचेतून काढा, पुसा, चपटी झाली असेल किंवा चीर असेल तर फेकून द्या. लावायला सिलिकॉन ग्रीस, तेही नावाला. व्हॅसलिन नको, काही रबरं त्याने फुगतात. हाउसिंग हाताने आवळा, पान्याने थोडंसं. जोर लावाल तर पुढच्या वेळी उघडणार नाही.

इनलाइन फिल्टरवर (नळीतच जोडलेला, बंद) बाण असतो. तो बघून लावा, आठवणीवर विसंबू नका.

नवा कार्बन घातल्यावर मेम्ब्रेनकडे जाणारी नळी सोडवून बादलीत धरा आणि काळी भुकटी यायची थांबेपर्यंत पाणी वाहू द्या. ती भुकटी मेम्ब्रेनवर जाऊन बसली तर कार्बन बदलून काय मिळवलं? मग नळी जोडा. मेम्ब्रेन नवं असेल तर पहिली भरलेली टाकी ओतून द्या, त्यात ते टिकवायला वापरलेलं रसायन असतं.

पोस्ट-कार्बन (मेम्ब्रेननंतरचा कार्बन) वर्षातून एकदा. टाकी आतून धुवा. प्लग, नळ, गळती: तासाभराने सांधे कोरड्या कागदाने टिपून बघा, सकाळी पुन्हा.

दोन्ही टीडीएस लिहून ठेवा. स्पनवर तारीख नसली तरी चालेल. कार्बनची लिहा. तो हाउसिंगच्या आत बसणारा असेल तर तारीख हाउसिंगवर बाहेरून, पक्क्या शाईच्या मार्करने, आणि हात पुसून.