पहिल्या ट्रिगर व्हीलला मी माती खाल्ली, ती अशी

नागपूरच्या श्रद्धानंद पेठेतल्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी गॅरेजला लागलो, तेव्हा डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा जुना भाग) काढून कॉम्प्युटरवर इग्निशन चालवणं हे लॅपटॉपचं काम आहे असंच वाटायचं. वायरिंग, मॅप वगैरे शिकून जमलं. फसलो एका लोखंडी चकतीपायी, म्हणजे त्या ट्रिगर व्हीलपायी.

चकतीचं काम सोपं आहे. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या टोकाला ती फिरते, समोर सेन्सर. ३६ दातांच्या जागा, त्यातला एक दात गायब. दर दात १० अंश. रिकामी जागा समोरून गेली की क्रँक कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळतं आणि ठिणगी त्या हिशेबानं पडते.

गाडी जुनी जीप, इंजिन सहा सिलिंडरचं, पेट्रोल. हिंगणा एमआयडीसीत ४ मिमी एमएस (साध्या लोखंडी) प्लेटची चकती लेझरनं कापून घेतली. चमकतं म्हणून स्टेनलेस घेऊ नका. ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक धरत नाही आणि व्हीआर (चुंबकावर चालणाऱ्या) सेन्सरला चुंबक धरणारं लोखंडच लागतं. मग क्रँकच्या पुढच्या टोकावर बसणाऱ्या डॅम्परच्या बाहेरच्या कड्यावर चार भोकं पाडली, टॅप मारले, चकती कसली. जागा ऐसपैस, काम तासाभरात. ठिणगी टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) किती अंश आधी पडते ते दाखवणारा टायमिंग लाइट लावला. १० अंश मागितले, १० दिसले. मालकानं तर्री पोहे खिलवले.

दोन महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, जीप परत. "गरम होऊन राहिली भाऊ, अन् चढावर दमच नाही." लाइट लावला, तर १० चे १०. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, कार्बोरेटर खोलला. तीन दिवस गेले. शेजारचे लेथवाले काका चहाला आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काहून बे, चकती रबरावर बसवली का तू?"

डॅम्पर एकसंध नसतो. आत हब, तो चावीनं (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यानं) क्रँकला पक्का. बाहेर जड कडं. दोघांच्या मधे रबर, क्रँकची पिळवटणारी थरथर जिरवायला. रबर म्हातारं झालं की कडं हबवर घसरतं. माझं मागे घसरलं होतं, म्हणून ठिणगी उशिरा पडत होती. आणि टायमिंगची खूणही त्याच कड्यावर! चकती आणि खूण जोडीनं सरकल्या. चोर आणि साक्षीदार एकाच घरचे. लाइट बिचारा काय सांगणार?

खरा टीडीसी काढायला सगळे प्लग काढा, बॅटरी सोडा, एक नंबरच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) घाला. क्रँक पान्यानं हलकेच फिरवा, अडला की खूण. उलट फिरवा, अडला की दुसरी खूण. दोहोंचा मध्य म्हणजे टीडीसी. स्टार्टर चुकूनही मारू नका, पिस्टनला भोक पडेल.

नवा डॅम्पर आणला. जुना ओढून काढायचा पुलर हबच्या बोल्टांना लावायचा असतो, कड्याला नाही. कडं ओढलं की रबर फाटतं. वेल्डिंगही नको, रबर जळतं. काकांनी हबच्या तोंडावर पायरी काढून दिली, चकती तिच्यावर घट्ट बसली. बोल्ट फक्त धरून ठेवतात, मध्यावर आणते ती पायरी. मग डायल गेज लावला. मी रनआउट (फिरताना चकतीचं डगमगणं) ०.१ मिमीच्या आत आणल्याशिवाय सोडत नाही, कारण सेन्सर आणि दातांमधली फटच जेमतेम ०.८ मिमीची. नवख्यांनी पहिला पगार लॅपटॉपवर नाही, डायल गेज आणि चुंबकी स्टँडवर घालावा, असं माझं मत.

गायब दाताची जागाही विचार करून ठरवा. कॉम्प्रेशनला स्टार्टर दमतो, दात रेंगाळतात, आणि रिकामी जागा तिथेच आली तर कॉम्प्युटर गोंधळतो. सहा सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन दर १२० अंशांवर, म्हणून मी ती टीडीसीच्या ६० अंश आधी सेन्सरसमोर आणतो. चार सिलिंडरला ९०.

सेन्सरची ब्रॅकेट ६ मिमी पट्टीची, इंजिन ब्लॉकलाच. पातळ पट्टी थरथरली की नसलेले दात मोजले जातात. व्हीआरच्या दोन वायरी उलट लागल्या तर आरपीएम वाढेल तसं टायमिंग सरकतं, तेही तपासा.

शेवटी हब आणि कड्यावरून पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढा. सर्व्हिसला गाडी आली की आधी तिच्याकडे बघा. रेघ तुटलेली दिसली तर डॅम्पर बदला.