जुना पंखा घेताना चकाकीला भुलू नका: या चुका टाळा

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पितळी पात्यांचा टेबल फॅन दिसला की माणसाचा हात आधी पात्यांवरून फिरतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याची सगळी मेहनत तिथेच खर्ची पडलेली असते. पंख्याची खरी किंमत असते मोटरमध्ये, आणि ती बाहेरून दिसत नाही. माझं विचाराल तर एक घासूनपुसून लखलखीत आणि दुसरा जळमटांनी माखलेला, असे दोन पंखे शेजारी असले तर आधी दुसरा बघावा. ज्याला कुणी हात लावलेला नाही त्याचे स्क्रू, प्लेट, वायर मूळचं असण्याची शक्यता जास्त, आणि भावही बऱ्याचदा मोडीच्या आसपास सुरू होतो.

पितळेची खात्री करायची तर खिशात छोटं चुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. नाही चिकटलं तरी लगेच हुरळून जाऊ नका. अॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. पातं हातात तोलून बघा, पितळ चांगलंच जड लागतं.

प्लेट न वाचता पैसे देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मोटरवर किंवा बैठकीखाली धातूची पट्टी असते. त्यावर व्होल्ट, एसी की डीसी, आणि सायकल म्हणजे हर्ट्झ लिहिलेलं असतं. आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, एसी. प्लेटवर २२० किंवा २३० एसी दिसलं तर पुढे बोला.

रेल्वेच्या डब्यातले ते गोल जाळीचे छोटे पंखे दिसायला झकास, पण त्यातले बहुतेक ११० व्होल्ट डीसीचे. घरच्या बोर्डात थेट लावला की धूर निघालाच म्हणून समजा. शिवाय पंख्यावर रेल्वेचा शिक्का असेल आणि विकणाऱ्याकडे लिलावाची पावती नसेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी नको. रेल्वेची चोरीची मालमत्ता बाळगण्यावर १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगत बसायची वेळ कशाला आणायची?

अमेरिकन पंख्याची गोष्ट वेगळी. तो ११० ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, हर्ट्झ जुळत नाही. पंखा मूळच्यापेक्षा हळू फिरतो आणि मोटर जास्त तापते. शोभेला ठीक, रात्रभर लावायला नाही.

वीज लावण्याआधी हात लावा

पातं बोटाने हलकेच फिरवा. दोन-चार वेढे घेऊन सावकाश थांबलं तर उत्तम. चिकटून थांबलं तर बुशमधलं, म्हणजे पंख्याचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या नळीतलं, तेल वाळलंय, हे घरी सुटतं. मग शाफ्ट धरून वर-खाली हलवा. कटकट असा खेळ जाणवला तर बुश झिजलेत. जुन्या मापाचे बुश तयार मिळत नाहीत, लेथवर करून घ्यावे लागतात. मागच्या फटीला नाक लावून वासही घ्या. जळक्या वार्निशचा वास लपवता येत नाही.

मल्टिमीटर असेल तर प्लगच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा. पण आधी पंख्याचं बटण चालू करा, प्लग बोर्डाबाहेरच ठेवून. बंद बटणावर आकडाच येत नाही, आणि तेवढ्यावरून चांगला पंखा ‘जळका’ ठरवणारे पुष्कळ भेटतात. मग एक टोक पिनेला, दुसरं रंग खरवडलेल्या एखाद्या स्क्रूला. तिथे काटा जरा जरी हलला तर वीज बॉडीत उतरतेय.

दुकानदार ‘चालू आहे’ म्हणून दोन मिनिटं फिरवून दाखवेल. त्यात काही कळत नाही. निदान अर्धा तास चालवू द्या, मग मोटरवर हात ठेवा. हात ठेवता येत नसेल इतकी तापली असेल, तर रिवायंडिंगचा, म्हणजे मोटरमधली तार नव्याने गुंडाळण्याचा, खर्च धरूनच भाव पाडा. मुळात न तपासलेला प्रत्येक पंखा जळका आहे असं मनात धरूनच घासाघीस करावी.

घरी आणल्यावर

पहिलं काम वायर बदलण्याचं. कापडी वेष्टणाची वायर सुंदर दिसते, पण आतलं रबर हात लावताच चुरा होतं. तीन तारांची नवी वायर, थ्री-पिन प्लग, आणि अर्थिंगची तार बॉडीला घट्ट.

पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही? पातं मोकळं असेल आणि हाताने ढकलल्यावर सुरू होत असेल तर कंडेन्सर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) गेलाय. त्यावर लिहिलंय त्याच मापाचा घाला. ‘मोठा घातला की जोरात फिरतो’ या सल्ल्याने वायंडिंग जळतं. मान फिरत नसेल तर आधी मागची खुंटी दाबलेली आहे का बघा, मग गिअरबॉक्स उघडा. तिथलं ग्रीस मेणासारखं झालेलं असतं. ते रॉकेलने धुऊन नवं भरा. बुशला शिलाई मशीनचं तेल चालतं, खोबरेल कधीच नाही. ते चिकट होऊन बसतं. पंखा थडथडत असेल तर सगळी पाती एकाच सेटची आहेत का पाहा.

पाती चमकवायला पितांबरी चांगलीच, फक्त पाती काढून मोरीत घासा. पंख्यावरच घासली तर पावडर मोटरमध्ये जाते. बॉडीचा जुना रंग सुक्या पॉलिश पेपरने उडवू नका. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ घरभर बसते.

जाळीच्या रुंद फटींतून लहान मुलाचा हात सहज आत जातो, म्हणून घरात रांगतं मूल असेल तर पंखा उंच कपाटावर.

सीलिंग फॅनचं गणित मात्र जुळत नाही. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, नवा कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३०-३५ मध्ये भागवतो. रोज १२ तास लावलात तर दिवसाला जवळजवळ अर्ध्या युनिटचा फरक. दिवाणखान्यात हौसेला एक लावा, झोपायच्या खोलीत नको. सोबत तारेचा जुना जाडजूड रेग्युलेटर फुकट मिळाला तर तोही बसवू नका. वेग कमी केल्यावर वाचलेली वीज तो स्वतः तापण्यात घालवतो.

त्याच गल्लीत व्हॉल्व्हचे रेडिओही असतात. काही एसी-डीसी रेडिओंची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते, तेव्हा मागचं पुठ्ठ्याचं झाकण नसलेला रेडिओ ‘लावून बघतो’ म्हणून प्लगमध्ये घालू नका. आणि जुनी इस्त्री उघडायचा मोह झाला तर आवरा, काहींच्या आत अॅस्बेस्टॉसचा पत्रा असतो.