गोबी आणि पिस्तूल कोळंबीची जोडी टँकमध्ये कशी जमवायची

गोबी म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधला छोटा मासा, तो घ्यायचा म्हटलं की सगळे रंग बघतात, पण पिस्तूल कोळंबीसोबतची त्याची जोडी बघायची असेल तर आधी वाळूचं बघा. गोबींच्या फॅमिलीत १,७०० च्या वर जाती आहेत, बहुतेक बोटाएवढ्याच, पण कोळंबीसोबत राहणारे त्यातले थोडेच, म्हणून घेताना वॉचमन गोबी किंवा श्रिम्प गोबी असंच सांगा.

दगड आधी, थेट तळाच्या काचेवर. वाळू नंतर, निदान ५-६ सेंटीमीटर, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि बारीक खडी मिसळा म्हणजे बिळाचं छत टिकतं. मी पहिल्यांदा उलटं केलं, वाळूवर दगड रचले, कोळंबीनं रात्रभर खालून पोखरलं आणि सकाळी अख्खी रास आडवी, नशीब काच वाचली. वर जाळीचं झाकण हवंच, गोबी घाबरला की सरळ बाहेर उडी मारतो.

कोळंबी आधी सोडा, दगडाच्या कडेला, मग तिथंच जवळ गोबी. आणि आता हात घालू नका, कधी तासाभरात जमतं कधी आठवडा जातो.

जमलं की जरा लांब बसून बघा. कोळंबीला धड दिसत नाही, ती बुलडोझरसारखी वाळू ढकलत दारापर्यंत येते पण बाहेर पडताना एक मिशी गोबीच्या शेपटीजवळ टेकवते आणि बाहेर असेपर्यंत शक्यतो उचलत नाही. त्यानं शेपूट जराशी थरथरवली की ही जागच्या जागी थबकते, तो डोकं खाली घालून आत घुसला तर ही कधीच गायब झालेली असते. घर तिनं खणायचं, राखण यानं करायची. मी तास तास हेच बघत बसतो.

रात्री टक् आवाज आला तर काच तडकली म्हणून धावू नका, कोळंबीची मोठी नांगी झटक्यात मिटते तेव्हा पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. ती नांगी तुटलीच तर दुसऱ्या बाजूची छोटी नांगी वाढून तिची जागा घेते, भारीच आहे हे.

खायला फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), थोडं थोडं, पिपेटनं बिळाच्या तोंडाशी. पाणी २४ ते २६ डिग्री. गोबीला पांढरे ठिपके आले तर कॉपरचं औषध या टँकमध्ये अजिबात टाकायचं नाही, कोळंबी मरते, गोबीला वेगळ्या टँकमध्ये काढा. पकडायला अख्खी दुपार जाईल, जाळी दिसली की तो बिळात.