न्हाणीची गळती आणि घरमालक काका

गिरगावातील आमच्या पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या) घराची सगळी डागडुजी घरमालक काका स्वतःच करतात आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु न्हाणीच्या जाळीभोवती त्यांनी तीनदा भरलेले पांढरे सिमेंट दर वेळी नखानेही निघेल इतके सुटत होते आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल धरत होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार मालकाने दुर्लक्ष केल्यास किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करता येते व खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या भाड्यात त्यातून प्लंबरची एका दिवसाची मजुरीही निघत नाही.

म्हणून खालच्यांना आधी सांगून मी जाळीत कापडाचा घट्ट बोळा बसवला, न्हाणीत दोन इंच पाणी साठवले, भिंतीवर खडूने रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी काकांना बोलावले. पाणी रेघेच्या बोटभर खाली गेले होते.

"काका, वरून भरून भागणार नाही, लाद्या उकलाव्या लागतील," मी म्हणालो. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग सामान त्यांचे, मजुरी आमची आणि काम प्लंबरचे, असे आम्ही कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.