मुलाच्या फिट्सची वही: काय लिहायचं, आणि ती हाताशी घेऊन संशोधन कसं वाचायचं

माझा लेक पाच महिन्यांचा असताना झोपेतून उठला की दोन्ही हात झटक्यात वर न्यायचा, मान पुढे टाकायचा, क्षणभर ताठ राहायचा आणि सैल पडायचा. काही सेकंदांनी पुन्हा तेच. घरात सगळ्यांना वाटलं, दचकतोय. ज्यांना दाखवलं त्यांनी पोटात गॅस आहे म्हणून थेंब लिहून दिले. त्यात तीन आठवडे गेले. मग एका सकाळी मी ते मोबाइलवर शूट केलं. दुसऱ्या डॉक्टरांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि त्याच दिवशी ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद घेणाऱ्या तपासणीला पाठवलं. इन्फन्टाइल स्पाझम्स निघाले, म्हणजे तान्ह्या बाळांना रांगेने येणाऱ्या फिट्स; यालाच वेस्ट सिंड्रोम म्हणतात. या आजारात उपचार लवकर सुरू झाले तर बाळाच्या विकासाला फायदा होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. ते तीन आठवडे मला अजून बोचतात. आज लेक नऊ वर्षांचा आहे. दरम्यान काय शिकले ते नव्याने या वाटेवर आलेल्या आईबापांसाठी लिहितेय.

पहिलं काम व्हिडिओचं. पण त्याच्याही आधी मूल. मोठी फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. फिट ५ मिनिटांच्या पुढे गेली तर डॉक्टरांनी देऊन ठेवलेलं तातडीचं औषध द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. घरात दोघं असाल तर एकाने मूल सांभाळावं, दुसऱ्याने शूट करावं. एकटे असाल तर फोन उशीला टेकवून ठेवा. पांघरूण काढा, दिवा लावा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं मूल चौकटीत येऊ द्या. चेहऱ्याचा जवळून घेतलेला व्हिडिओ आपल्याला महत्त्वाचा वाटतो, पण डॉक्टरांना कोणता हात आधी हलला, पाय काय करत होता हेही बघायचं असतं. किती वाजले ते मोठ्याने बोला. मुलाला नावाने हाक मारा, गालाला हात लावा. तो प्रतिसाद देतो की नाही हे त्यात टिपलं जातं. आणि झटके थांबले की लगेच बंद करू नका. फिटनंतरच्या दोन मिनिटांत बरंच काही दिसतं. एखादा हात लुळा पडलाय का, डोळे एका बाजूला वळलेत का, बोलणारं मूल असेल तर शब्द फुटतात का.

लहान बाळाच्या बाबतीत एकच झटका शूट करून उपयोग नाही, सगळी रांग घ्या. दचकणं बहुधा आवाजाने किंवा धक्क्याने होतं आणि एकदाच होतं. स्पाझम्स रांगेने येतात, बरेचदा झोपेतून उठल्या उठल्या.

आता वही. ज्यांच्या नावाने हे सिंड्रोम ओळखलं जातं ते विल्यम जेम्स वेस्ट इंग्लंडमधले डॉक्टर होते. १८४१ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र लिहिलं, स्वतःच्या मुलाबद्दल. डोकं गुडघ्यांकडे झुकतं आणि लगेच सरळ होतं, मध्ये काही सेकंदांचं अंतर असतं, एका खेपेत असं दहा ते वीस वेळा किंवा जास्त होतं, एक खेप दोन-तीन मिनिटांच्या वर टिकत नाही, दिवसातून दोन-तीन खेपा तरी येतात आणि खेप येण्याआधी मूल अगदी खेळतं असतं. ईईजी तेव्हा नव्हताच. माणसाच्या मेंदूची पहिली ईईजी नोंद हान्स बर्गर यांनी १९२४ साली घेतली. वेस्ट यांच्या हाती फक्त बापाचे डोळे होते. मी ते वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी वही उघडून शेजारी ठेवली. रकाने जवळपास तेच होते. काय होतं, किती वेळा, किती वेळ, दिवसातून किती, त्याआधी काय चाललं होतं.

माझ्या वहीत एका आठवड्याला समोरासमोरची दोन पानं असतात. डाव्या पानावर फिट्स: तारीख, वेळ, जागा की झोपेत, कुठल्या बाजूने सुरुवात, किती मिनिटं, नंतर काय. 'मोठी फिट' आणि 'छोटी फिट' असं लिहू नका. मी सुरुवातीला तेच करायची आणि वर्षभराने माझं मलाच कळेना की छोटी म्हणजे कमी वेळ की कमी जोर. जे दिसलं ते लिहा: 'उजवा हात कोपरातून वळला, मान उजवीकडे, ४० सेकंद, नंतर झोपला.' उजव्या पानावर औषधं, मिलिग्रॅममध्ये. किती मिली हे एकट्याने पुरत नाही, कारण सिरपची ताकद बाटलीगणिक वेगळी असू शकते. शिवाय वजन, ताप, चुकलेला डोस, उलटीत पडलेला डोस, रात्रीची झोप.

ज्या दिवशी फिट आली नाही त्या दिवशी ० लिहा. रिकामी जागा ठेवू नका. रिकाम्या जागेचा अर्थ 'आली नाही' असाही होतो आणि 'त्या दिवशी मी दमले होते, लिहिलं नाही' असाही होतो. झोपेतल्या बऱ्याचशा फिट्स घरच्यांच्या लक्षात येत नाहीत, हे व्हिडिओ ईईजीशी ताडून बघितलेल्या अभ्यासांत स्पष्ट झालंय. म्हणून माझ्या रकान्याचं नाव 'पाहिलेल्या फिट्स' असं आहे.

एक रकाना मी पहिली दोन वर्षं ठेवलाच नाही, आणि तोच सगळ्यात जास्त लागला. विकासाचा. मान कधी धरली, आधाराशिवाय कधी बसला, नजर कधी मिळवू लागला, कुठला शब्द आला आणि कुठला आलेला शब्द गेला. फिट्स मोजण्याच्या नादात मूल काय नवीन करतंय ते लिहायचं राहून गेलं. पुढे एका अभ्यासात हेच विचारलं तेव्हा मी जुन्या फोटोंच्या तारखा शोधत बसले.

फिट्स आणि विकास वेगवेगळे लिहिण्यामागे कारण आहे. जागतिक पातळीवर अपस्माराचं वर्गीकरण करणाऱ्या संघटनेने २०१७ साली 'डेव्हलपमेंटल अँड एपिलेप्टिक एन्सेफॅलोपथी' हा शब्दप्रयोग स्वीकारला. त्याचा साधा अर्थ असा, की काही मुलांत सतत चालणारी विजेची खळबळ विकासाला मागे ओढते, काहींत मूळ कारणच विकासावर थेट घाव घालतं आणि बऱ्याच मुलांत दोन्ही. लेकाच्या फिट्स थांबल्या तेव्हा मी रोज वाट बघायची की आता बोलेल. बोलणं आलं नाही. औषधात किंवा माझ्यात काही कमी पडलं असं धरून बसले होते. जनुकाचा रिपोर्ट नीट समजल्यावर ते ओझं उतरलं.

त्या रिपोर्टबद्दल. पहिल्या रिपोर्टमध्ये 'एसटीएक्सबीपी१' या जनुकात बदल सापडला, पण पुढे लिहिलं होतं 'अर्थ अनिश्चित'. हे निदान नव्हे. हा बदल आजाराचं कारण आहे की निरुपद्रवी आहे, हे उपलब्ध पुराव्यावर ठरवता येत नाही, इतकंच त्यात सांगितलेलं असतं. अशा वेळी दोन गोष्टी विचारा. आईवडिलांचं रक्त तपासून उपयोग होईल का? आणि एक-दोन वर्षांनी जुनीच माहिती पुन्हा तपासून मिळेल का? आमच्या दोघांच्या रक्तात तो बदल नव्हता, लेकात तो नव्याने घडलेला होता. तेवढ्यावर आणि मधल्या काळात जमा झालेल्या माहितीवर शेरा 'बहुधा आजाराला कारणीभूत' असा झाला. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात, तो निरोप सोडायच्या कामात या जनुकाचं प्रथिन लागतं. तेव्हा फिट्स थांबल्या तरी ते काम अधुरंच राहतं.

संशोधनाचे पेपर वाचायला मी घाबरायची. आता सारांशात आधी चार गोष्टी शोधते: मुलं किती, कोणत्या प्रकारच्या अपस्माराची, तुलना कशाशी आणि मोजलं काय. दोन अभ्यास घेते.

लहान मुलांच्या अ‍ॅबसेन्स अपस्मारात, म्हणजे मूल काही सेकंद शून्यात बघत राहतं त्या प्रकारात, ४५३ मुलांवरचा एक अभ्यास २०१० साली आला. १६ आठवड्यांनी औषध यशस्वी ठरलेली मुलं इथोसक्सिमाइडवर ५३ टक्के, व्हॅलप्रोएटवर ५८ टक्के, लॅमोट्रिजीनवर २९ टक्के. इथेच थांबलात तर पहिली दोन सारखीच वाटतील. पण त्यांनी लक्ष लागण्याचीही चाचणी घेतली होती. लक्ष न लागण्याची अडचण व्हॅलप्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के मुलांत दिसली, इथोसक्सिमाइडवर ३३ टक्के. फिट्सबरोबर आणखी काय मोजलं, हे बघण्याची सवय मला या अभ्यासाने लावली.

दुसरा कीटोजेनिक आहाराचा, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांच्या आहाराचा. २००८ साली १४५ मुलांचा अभ्यास आला, सगळी औषधांना दाद न देणारी. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त घटल्या, आहार सुरू न केलेल्यांत ६ टक्के मुलांच्या. ती ६ टक्के मुलं मला महत्त्वाची वाटतात. काहीही न बदलता त्यांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या. फिट्सना स्वतःची भरती-ओहोटी असते, आणि आपण नवा उपाय शोधतो ते नेमके भरतीच्या वेळी. 'अमुक सुरू केलं आणि महिन्यात फरक पडला' असं कुणी सांगितलं की मी आधी वहीतले मागचे सहा महिने बघते. हा आहार मनाने सुरू करू नका. चयापचयाच्या काही आजारांत तो जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तपासण्या लागतात.

आणि अभ्यासात भाग घ्यायचा असेल तर? आधी तो कुठल्या जातीचा आहे ते विचारा. काही अभ्यास फक्त निरीक्षणाचे असतात: मूल कसं वाढतं, फिट्स कधी बदलतात. आम्ही अशाच एकात आहोत. दुर्मीळ आजारात हे फार लागतात, कारण आजार आपोआप कसा चालतो हे माहीत नसेल तर औषधाने काय बदललं ते सांगता येत नाही. दुसरे औषधाच्या चाचणीचे. त्यात मुलाला खोटं औषध मिळण्याची शक्यता किती, चाचणी संपल्यावर खरं औषध चालू राहील का, रक्ताचे नमुने आणि व्हिडिओ कुठे, किती वर्षं राहतील, हे लेखी घ्या. संमतिपत्र घरी आणून सावकाश वाचा. कधीही बाहेर पडायचा हक्क असतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्यालाही विचारलं गेलं पाहिजे.

चाचणीत औषध सुरू व्हायच्या आधी साधारण काही आठवडे नुसत्या फिट्स मोजतात, जुनी औषधं न बदलता. मग औषधावर मोजतात, आणि दोन आकड्यांतला फरक हाच बहुतेकदा मुख्य निकाल असतो. तो आकडा कोण भरतं? घरातला माणूस, डायरीत. म्हणून त्या काळात अंदाजाने, आठवड्याचं एकदम बसून लिहू नका. मूल आजीकडे किंवा शाळेत असेल तर तिथल्या माणसालाही तेच शब्द, तेच रकाने द्या.

सही करण्याआधी आणखी एक विचारा: अभ्यासाचा निकाल आम्हाला कळवणार का, आणि कधी? आमच्या पहिल्या अभ्यासात मी हे विचारलं नव्हतं. चार वेळा रक्त दिलं, दोन वर्षं फॉर्म भरले, आणि शेवटी काय निघालं ते आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारला. त्यांनी संमतिपत्रावर हाताने एक ओळ वाढवून दिली, आणि मगच मी सही केली.