रात्री दाढ ठणकली तर लवंग अशी वापरा

दाढदुखी नेमकी रात्री अकराला सुरू होते, दवाखाना बंद, आणि मग घरातली लवंग आठवते. पण बरेच जण लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावतात आणि तिथे आग आग होऊन सालपट निघतं, आमच्याकडे आईचं अगदी हेच झालं होतं.

१. आधी लवंग चांगली आहे का बघा. मंडईतून आणलेल्या दोन-चार लवंगा ग्लासभर पाण्यात टाका, बुडाली किंवा उभी तरंगली तर तेल शाबूत, आडवी तरंगत राहिली तर तेल आधीच काढून घेतलेलं, ती मसाल्यातही नको.

२. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चूळ भरा, दातात अडकलेलं निघून जातं, कधीकधी एवढ्यानेच अर्धं दुखणं कमी होतं.

३. एक लवंग दुखऱ्या दाढेजवळ धरून हलकेच दाबा, चावून चोथा करू नका, पाच-दहा मिनिटांत बधिर वाटायला लागतं. हे काम लवंगेच्या तेलातल्या युजेनॉल या घटकाचं, डेंटिस्ट लोक झिंक ऑक्साइडसोबत तात्पुरत्या फिलिंगमध्ये वापरतात तेच.

४. तेलच असेल तर चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब, कापसाच्या बोळ्याने फक्त दातावर.

लहान मुलांना लवंगतेल अजिबात देऊ नका, पोटात गेलं तर विषारी ठरू शकतं. आणि कीड याने जात नाही हो, गाल सुजला किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीला जा.